तांदळाच्या डब्यातला ऑक्टोपस

मालवणजवळ अकरा दिवस समुद्रात बुड्या मारल्या, तेव्हा कुठे तो ऑक्टोपस कॅमेऱ्यात सापडला. नारळाच्या दोन करवंट्या पोटाशी धरून तो वाळूवरून तुरुतुरु चालत गेला, मग एकीत बसला आणि दुसरी झाकणासारखी वर ओढून घेतली. माझ्या पहिल्या फिल्मचा सगळा जीव त्या चार मिनिटांत होता.

बोटीवरचा नियम साधा, आधी कार्डावरच्या शूटिंगची कॉपी, मग जेवण. त्या दिवशी मी आधी जेवले, मग कंटाळा केला आणि कार्ड कॅमेऱ्यातच ठेवून निघाले. लोणावळ्याला माझ्या खोलीवर जाण्याआधी नवलाख उंबऱ्याला, आमच्या गावी, आईकडे थांबले. समुद्राचं मीठ निघावं म्हणून कॅमेरा त्याच्या पाणबंद पेटीसकट साध्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि जरा आडवी झाले.

आई शेतावरून आली. लेकीचा महागडा कॅमेरा पाण्यात बघून तिचं धाबंच दणाणलं. तिनं बादलीतच पेटीच्या खिट्ट्या उघडल्या, भिजलेला कॅमेरा पदरानं पुसला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. मोबाईल भिजला की आमच्याकडे असंच करतात.

मी उठले, बघितलं आणि तोंडाला येईल ते बोलले. आईला अडाणी म्हणाले. ती गॅसकडे वळली. चूक माझी आहे हे मला तेव्हाच कळत होतं, म्हणून तर आवाज आणखी चढला.

कॅमेरा गेला तो गेलाच. कार्ड पुसून दोन दिवस सुकवलं. लोणावळ्याला निघाले तर आई न विचारता गाडीत येऊन बसली. खोलीवर कार्ड कंप्युटरला लावलं. फाइल दिसली. चालली. करवंट्या, वाळू, सगळं जागच्या जागी. माझ्या जिवात जीव आला आणि मी चक्क रडले. समुद्राचं पाणी शिरलं असतं तर कार्डही गेलं असतं.

आई पुढे वाकून बघत होती. ऑक्टोपसनं करवंटी ओढून घेतली तशी ती हसली.

"घर संगं घिऊन फिरतंय व्हय गं ह्ये?"

मी तिचा हात धरून माफी मागितली. तिची नजर पडद्यावरून हलली नाही.

"अडानी म्हनलीस ते मी इसरायची न्हाई," ती म्हणाली. "पर परत लाव."