मागचा पट्टा

त्सुकुबाच्या प्रयोगशाळेत मित्सुए ओगुरा पहिल्यांदा गेली, तेव्हा तिची कंबर ताठ होती. जास्त ओझं उचलायला मदत करील असा यंत्राचा सांगाडा तिथे तयार होत होता आणि तो अंगावर चढवून बघायला रताळ्याच्या शेतात राबणारी बाई हवी होती. पहिला सांगाडा म्हणजे लोखंडाचं धूडच. चढवायला चौघं लागत. एक जण पाय धरी, एक वायरी जोडी, बाकीचे दोघे पट्टे आवळता आवळता तिच्या नवऱ्याच्या तब्येतीची चौकशी करत. ती घरची वाळवलेली रताळी नेई. ती कामाआधीच फस्त होत.

पुढे सांगाडा हलका झाला. चौघांचे दोघे झाले. स्नायूच्या नुसत्या इशाऱ्यानं यंत्र हलू लागलं. इकडे नवरा गेला, मुलगा ओसाकाला कायमचा राहिला, कंबर वाकली. माणसाशी बोलायचा म्हणून प्रयोगशाळेतला मंगळवार तेवढा उरला.

आता तिथे कुवाहारा हा तरुण संशोधक एकटाच असे. त्यानं केलेला सांगाडा कापडी होता, जाकिटासारखा. मित्सुएला तो एकटीनं घालता आला, की सांगाडा तिच्या घरी जाणार होता आणि नोंदी आपोआप इकडे पोचणार होत्या. मग मंगळवारी यायचं कारणच नव्हतं.

"आजी, मागचा पट्टा लावता येतोय?"

"नाही रे बाबा. हातच पोचत नाही."

हात पोचत होता.

पुढच्या खेपेला त्यानं पट्टा लांबवला. ती म्हणाली, बक्कल कडक आहे. त्यानं बक्कल बदललं. ती म्हणाली, पट्टाच सापडत नाही.

"तुमची पाठ आहे की भूलभुलैया?" तो हसला, पण डोळे तांबारले होते. जेवणाचा डबा टेबलावर तसाच.

"जेवला नाहीस?"

"माझंच काहीतरी चुकलंय, आजी. मागची सगळी बाजू उसवतो. पुन्हा पहिल्यापासून."

मित्सुए त्या डब्याकडे बघत राहिली. दुखलं तर दुखलं, नाही तर नाही, असंच तिनं या लोकांना आजवर सांगितलं होतं. तिनं जाकीट चढवलं, हात मागे नेला आणि पट्टा लावला.

"उसवू नकोस," ती म्हणाली. "लागला."

कुवाहाराचा चेहरा उजळला. "सुटलात, आजी! आता तुमचा एवढ्या लांबचा हेलपाटा वाचला."

"हेलपाट्याचा मला कधी त्रास नव्हता," ती म्हणाली.

तो नोंद करण्यात गढला होता. मग तिनं जाकीट स्वतःच उतरवलं आणि घरी न्यायला घडी घालू लागली.