माईंनी पास केलेले शब्द

तीन मास्तर, एक स्टोव्ह आणि शनिवारची दुपार, एवढ्या भांडवलावर किस्से किती जमावेत! दादरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे नेनेसर, त्यांच्या हाताखालचे आम्ही दोघे, म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतला कांबळे आणि मी. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालली होती. कांबळेचा हट्ट, "चाळीतल्या पोरांना फिजिक्स मराठीत कळलंच पाहिजे!" म्हणून सरांच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत बसून आम्ही इंग्रजी संज्ञांना मराठी शब्द शोधायचो.

*

नियम एकच. शब्द ठरला की सर बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे ओरडून समजावणार. माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळला तर पास! आतून उत्तर यायचं, "कळलं हो! चहा गार होतोय!" मगच वहीत लाल टिक.

*

रिफ्रॅक्शनच्या वेळी माई आतूनच म्हणाल्या, "पिंपात ओगराळं बुडवलं की दांडा मोडका दिसतो, तोच ना तुमचा प्रकार?"

कांबळे कुजबुजला, "सर, आपण बीएस्सी उगाच केलं!"

*

डिफ्रॅक्शनपाशी पोचलो आणि माई गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं. वही तिथेच अडली. सर म्हणायचे, "आता पास कोण करणार?" आम्ही शनिवारी जायचो, गप्प बसायचो, उठायचो. त्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे मला बघवत नसे.

*

एकदा कोपऱ्यापलीकडून मोर्चा चालला होता. खिडकीतून माणूस एकही दिसेना, घोषणा मात्र खणखणीत! सर बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलले, "हेच रे डिफ्रॅक्शन! लाट कडेशी वळते आणि आडोशामागे पसरते. आवाजाची लाट लांब, म्हणून चांगली वळते. प्रकाशाची इवलीशी, म्हणून माणसं दिसत नाहीत."

"आणि शब्द कुठला, सर?"

"लॅटिन. एका इटालियन पाद्र्याने वापरात आणला. मूळ अर्थ, फुटून तुकडे होणं."



*

पुढच्या शनिवारी मी डिफ्रॅक्शनला 'विवर्तन' हा शब्द सुचवला. कांबळे चहा टाकायला आत गेला होता. सवयीने सरांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि मोठ्याने समजावलं, लाट, कडा, मोर्चा, सगळं. मग भानावर आले आणि थांबले.

आतून कांबळेचा घोगरा आवाज आला, "कळलं हो! चहा गार होतोय!"

सरांनी आत डोकावून पाहिलं नाही. वही ओढली आणि 'विवर्तन'पुढे लाल टिक केली.