मागून घेतलेली चूक

त्यांच्याबद्दल लिहायला मी काही योग्य माणूस नाही. त्या कुठे राहत, घरी कोण कोण होतं, मला काहीच माहीत नाही. आमची टेबलं शेजारी होती, एवढीच ओळख. विचारावंसं पुष्कळदा वाटलं, पण विचारलेलं बरं दिसेल का, हे ठरवेपर्यंत जेवणाची सुट्टी संपायची.

आमचं पाणीपट्टीचं कार्यालय. संगणकांतली प्रणाली जुनी झाली होती आणि नवी विकत घ्यायची ऐपत नव्हती. कुठल्याशा बैठकीत साहेबांना कळलं की लिनक्स नावाची एक प्रणाली फुकट मिळते. फुकट आहे म्हणून ती साहेबांना आवडली, आणि फुकट आहे म्हणूनच बाकीच्यांना तिचा संशय आला. ती बसवून सगळ्यांना शिकवायला या बाई कंत्राटावर आल्या. महिनाअखेरीपर्यंत तक्रारी आल्या नाहीत तर त्यांना कायम करण्याची शिफारस करू, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तेच चुकलं. तक्रार करता येते, हे त्यामुळे सगळ्यांना कळलं.

त्यांच्या पिशवीवर पेंग्विनचं चित्र होतं, लिनक्सची ती खूण. आमच्या कॅशियरने पहिल्याच दिवशी त्यांना पेंग्विन मॅडम करून टाकलं.

"पाणीखात्यात पेंग्विन. कुणीतरी डोकं लावून नेमणूक केलेली दिसते," तो म्हणाला.

"मासे मिळतील असं सांगून आणलंय मला," मॅडम म्हणाल्या. "अजून तरी फायलीच दिसताहेत."

शिकवताना त्या दुसऱ्याच्या माउसला कधी हात लावत नसत. खुर्चीमागे हात बांधून उभ्या राहायच्या आणि तोंडाने सांगायच्या. समोरचा चुकला तरी चुकू द्यायच्या. याचा सगळ्यांना फार राग यायचा.

"मॅडम, तुम्हीच करा ना पटकन," कॅशियर म्हणायचा.

"मी केलं तर मला येईल. मला येतंच."

"हात मागे बांधून पगार मिळतो, नशीब लागतं."

"तुम्ही तर टेबलावर ठेवून मिळवता. कमी का आहे?"

कॅशियरला नव्या प्रणालीतल्या कॅल्क्युलेटरवर भरवसा नव्हता. आकडे तेच होते, पण बटणं गोल होती, त्यामुळे बेरीज वेगळी येईल असं त्याला वाटायचं. टायपिस्ट ताईंची तक्रार निराळी होती. त्यांच्या पडद्यावर नातीचा फोटो होता, पण वर्षानुवर्षांच्या चिन्हांच्या गर्दीत तिचा फक्त एक कान दिसायचा. मॅडमनी चिन्हं नीट लावून दिली तेव्हा अख्खी मुलगी दिसू लागली. ताई म्हणाल्या, "छान आहे. पण आमचा कान कुठे गेला?" मॅडमनी हळूहळू हेही निभावून नेलं. मग मात्र त्या एका भलत्याच गोष्टीपाशी अडल्या.

जुन्या प्रणालीत सकाळी संगणक सुरू केला की एक छोटी चौकट यायची. 'काहीतरी चुकले आहे', आणि खाली 'ठीक'. कधीकाळी एक प्रिंटर काढून नेला होता, त्याची ती आठवण. आम्ही 'ठीक' दाबायचो आणि कामाला लागायचो. नव्या प्रणालीत काही चुकलेलंच नव्हतं, म्हणून चौकटही नव्हती. शिकवणं संपून प्रत्यक्ष काम सुरू करायचं होतं, त्या सकाळी मॅडम आल्या तर सगळे उजळलेल्या पडद्यांसमोर हाताची घडी घालून बसलेले. खिडकीबाहेर बिलं भरणाऱ्यांची रांग.

"काम का थांबलंय?"

"संगणक सुरू कुठे झालाय अजून?" कॅशियर म्हणाला. "चूक आली नाही."

मॅडमनी समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. प्रणाली अर्धवटच सुरू होते, अशी तक्रार कॅशियरने साहेबांकडे नेली. साहेबांनी मॅडमना आत बोलावलं. बाहेर आल्यावर त्या माझ्या टेबलाशी थांबल्या.

"काका, चूक नाही म्हणून माझी नोकरी जाणार असं दिसतंय."

मी पाण्याची बाटली पुढे केली.

त्या दिवशी पहिल्यांदा त्या स्वतः प्रत्येकाच्या खुर्चीत बसल्या. एक छोटी चौकट तयार करून सगळीकडे बसवली. 'काहीतरी चुकले आहे. ठीक.' दाबलं की जायची. करत काहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कार्यालय वेळेवर सुरू झालं. "आता कसं," कॅशियर म्हणाला. "हेच आधी केलं असतं तर?" ताईंनी मॅडमच्या कामाची तारीफ केली. दुपारी साहेब बाहेर आले आणि जरा मनाला लागल्यासारखं म्हणाले, "सगळ्यांकडे ती येते म्हणे. माझ्याकडे का नाही?" मॅडमनी त्यांच्याकडेही बसवली. तक्रारी थांबल्या. शिफारशीचा कागदही टाइप झाला, फक्त सही राहिली होती.

नेमके तेव्हाच मुख्य कार्यालयातले मोठे साहेब पाहणीला आले. त्यांनी एक संगणक सुरू करायला लावला, चौकट आली. दुसरा, तिसरा. सगळीकडे चौकट.

"नवीन प्रणालीत एवढ्या चुका?"

आमच्या साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "ही चूक नाही सर. मीच बसवली आहे. ती दिसल्याशिवाय इथे कुणी काम सुरू करत नाही."

मोठे साहेब हसले. मग खोलीकडे वळून त्यांनी विचारलं, "खरं आहे हे?"

कॅशियर उठून उभा राहिला. "सर, चूक कुणी मागून घेतं का? स्वतःचं झाकायला आम्हाला पुढे करताहेत."

ताई नातीच्या फोटोकडे बघत राहिल्या. मी उभा राहून म्हणालो, "मॅडम खरं सांगताहेत." माझा आवाज मुळातच लहान आहे. तरी साहेबांना ऐकू गेलं असावं, कारण ते मोठ्या साहेबांना म्हणाले, "यांना संगणकातलं फारसं कळत नाही. माणूस सज्जन आहे."

शिफारशीवर सही झाली नाही. चौकटी काढून टाका आणि महिनाअखेरीला मोकळ्या व्हा, असं मॅडमना सांगण्यात आलं. त्यांनी एकेक काढल्या. साहेबांच्या खोलीत गेल्या तेव्हा दार उघडंच होतं. साहेब म्हणाले, "माझी राहू दे. मला आता सवय झालीये."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी पिशवी खांद्याला लावून त्या माझ्या टेबलाशी आल्या. काहीतरी बरं बोलायचं म्हणून मी दुपारपासून वाक्य जुळवत होतो. त्यांनीच विचारलं,

"काका, मागच्या फाटकाशी बस थांबते का आता?"

"थांबते. पण तिकडे कुत्री असतात."

"मग पुढूनच जाते."

"हो, पुढूनच जा," मी म्हणालो.