बाभळीला टांगलेली पिशवी

गूमूर वाटाड्या आता झाडाला टांगलेली प्रत्येक पिशवी हलवून बघतो. वाळवंटातल्या जानेत गावचे म्हातारे त्याला तोंडावर नावं ठेवतात. आम्हा तुआरेग भटक्यांत टांगलेल्या सामानाला मालकावाचून कुणी बोट लावत नाही, मग ते वर्षभर लोंबकळत राहो. पण मला विचाराल तर म्हातारे त्या दिवशी तिथं नव्हते.

त्या थंडीत गूमूर परदेशी पाहुण्या क्लेरबाईंना तासिलीच्या अभयारण्यातले दगडी सुळके दाखवायला निघाला होता. कोरड्या ओढ्यातल्या बाभळीवर त्याला धाकट्या भावाची, उक्सेमची, कातडी पिशवी दिसली. गाठ त्याचीच, डावरी. उक्सेम हरवलेली सांडणी शोधायला गेला होता.

"आमचे धाकटे धनी इथंच कुठंतरी उंडारतायत," गूमूर हसला. "परतताना लागेल ते टांगून गेलाय."

"आत काय आहे?"

"ते त्याला ठाऊक. दुसऱ्याच्या पिशवीत डोकावणं म्हणजे न विचारता त्याच्या तंबूत शिरणं, बाई."

त्याच सावलीत त्याने जाळ केला, रिवाजाप्रमाणे तीनदा चहा ओतला. सुळक्यांतून वारा घोंघावत होता. मधेच बाईंनी मान वर केली.

"कुणी ओरडलं का?"

"रानमेंढा असेल, नाहीतर वारा. इथले दगड फार बोलतात."

पुढे रानमेंढ्यांचे माग दिसले, मेंढे दिसेनात. दिसली ती सांडणी, एकटीच, दावं ओढत चाललेली. गूमूरच्या मनात पाल चुकचुकली. पण पाहुणीची भटकंती अर्धवट टाकू म्हणायला त्याची जीभ रेटेना. "हा गाढव अजून हिलाच शोधत असेल," एवढंच तो म्हणाला. संध्याकाळी त्याला घास गेला नाही.

दोन दिवसांनी परतताना पिशवी तिथंच होती. बाई थकून खोडाला टेकल्या, त्यांचा खांदा तिला लागला आणि आत पाणी डचमळलं. ते परतीचं पाणी होतं. ते घेतल्याशिवाय उक्सेम कुठं जाणार, आणि सोबत नेलेलं तर केव्हाच संपलं असणार. गूमूरने भावाची गाठ सुरीने कापली, आतला डबा उचलला आणि तो सुळक्यांत धावत सुटला.

उक्सेम जवळच सापडला. पाय दोन कातळांच्या फटीत अडकलेला, ओठ काळे पडलेले, अंग ताठरलेलं. तरी गूमूरने डबा उघडून त्या ओठांवर पाणी ओतलं. मग तो शेजारी बसला आणि भावाचं तोंड होतं तिकडे त्याने पाहिलं. समोर बाभूळ होती, आणि तिच्याखाली त्यांच्या चहाची राख.