पाच नंबरचा पाय

माझ्या मावशीला दुकानात सगळे ‘पाच नंबर’ म्हणायचे. नोकरी करणाऱ्या बायकांच्या कपड्यांचं आणि बुटांचं ते दुकान. वरच्या मजल्यावर कोट, शर्ट, पँट आणि खाली बूट. नवा माल आला की नमुन्याचा जोड पाच नंबरचा यायचा, आणि मावशीचा पायही नेमका पाच नंबरचा. सकाळी तो जोड ती पायात घालायची आणि दिवसभर दुकानातल्या गार फरशीवर उभी राहायची. संध्याकाळी खोक्यावर खडूने निकाल लिहायची. ‘चालेल.’ ‘टाचेला चावतो.’ ‘बसून काम असेल तरच.’ असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण एकोणीस वर्षांत तिचा खडू म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली होती. शिक्षिका, नर्सा, बँकेतल्या बायका दुकानात शिरल्या की आधी खोक्यावरचं अक्षर बघायच्या आणि मग किंमत.

ती एकटी राहायची, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. नवऱ्याबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायची, “होता की. घट्ट होत होता, काढून ठेवला.” पुढे कुणी विचारायचं नाही.

मला पहिली नोकरी लागली ती विमा कंपनीत, लोकांच्या तक्रारी ऐकायची. मी सकाळीच दुकानात जाऊन उभी राहिले, तर मावशीने मला आल्या पावली परत पाठवलं. “संध्याकाळी ये. सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभर राबून सुजला की मग खरं काय ते सांगतो.” संध्याकाळी गेले, तर पँट घालून आरशासमोर वळून-वळून बघू देईना. “उभी काय राहतेस? खुर्चीत बस. आता खाली पडलेलं पेन उचल. कंबरेत रुतलं ना? मग काढ.” कोट घातला तर वरच्या फळीवरचं खोकं काढायला लावलं, काखेत ओढतो का ते बघायला. शेवटी काळे, बुटक्या रुंद टाचेचे बूट माझ्यासमोर ठेवले, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याने चवड्यापासून टाचेपर्यंत दाबत गेली. गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायची तिची पद्धतच होती. दुकानातल्या तरुण मुली नाकं मुरडायच्या.

“कपडे जुने असले तरी चालतील,” ती म्हणाली, “चुरगळलेले नकोत. आणि बुटांना पॉलिश हवंच. समोरचा माणूस शिव्या द्यायला आलेला असतो, खाली मान घालून तुझे बूट बघतो. तेवढ्यात तू श्वास घेऊन घे.” तिचं हे म्हणणं किती खरं आहे ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. त्या बुटांवर मी सहा वर्षं काढली.

गेल्या वर्षी मात्र खोक्यांमागून खोक्यांवर नुसतं ‘चालेल’ लिहिलं जाऊ लागलं. मावशी खुशीत होती. “कारखान्याला अक्कल आली गं बाई. हल्ली एकही जोड चावत नाही.” मला तेव्हाच बढती मिळाली होती, म्हणून तिने स्वतः निवडून तपकिरी जोड दिला. चकचकीत, निमुळता, दिसायला देखणा. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत माझी टाच सोलून निघाली. कापूस लावला, वर पट्टी चिकटवली आणि घरी लंगडत आले.

त्याच आठवड्यात एक नर्स दुकानात आली आणि तिने बूट गल्ल्यावर आपटले. बारा तासांची पाळी केली होती तिने त्यात. दोन्ही टाचांना फोड आले होते. मालकाने सगळ्यांदेखत मावशीला सुनावलं, “बाई, तुमच्या खडूवर आता भरवसा ठेवावा की नाही?” मावशी तिथून तडक माझ्याकडे आली. डोळे भरलेले. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

“तू खरं सांग,” ती म्हणाली. “तुला चावले का गं?”

मी टाच खुर्चीखाली लपवली आणि म्हणाले, “छे गं. लोण्यासारखे आहेत.”

आज विचार केला की माझाच मला संताप येतो. मला वाटलं, मी तिची बाजू घेतेय. तिचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी तिने मालकाला ठणकावून सांगितलं म्हणे, “माझी भाची आठ-आठ तास घालते तेच बूट. तक्रार नाही. हल्लीच्या बायकांचे पायच नाजूक झालेत.” त्यानंतर जी कुणी तक्रार घेऊन आली, तिला मावशीने माझा दाखला दिला. आणि मला ते बूट ऑफिसला घालून जाणं भाग पडलं. कारण ती कधीही समोर यायची आणि आधी पायाकडे बघायची.

सहा महिने असेच गेले. मला सुट्टी होती अशा एका दुपारी ती दुकानातून जेवणाच्या वेळात माझ्याकडे आली. दारात त्या दिवशीचा नमुन्याचा जोड काढला आणि खुर्चीपर्यंत चालत आली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत गोल, तांबूस डाग. मला वाटलं पॉलिश लागलंय. मी म्हणाले, “मावशी, मोज्याला रंग लागलाय बघ तुझ्या.”

तिने पाय उचलून बघितला. मोजा तळव्याला ओला चिकटला होता. मी दाराशी जाऊन बुटात हात घातला. आत तांदळाच्या दाण्याएवढं खिळ्याचं टोक वर आलं होतं. सकाळपासून ती त्यावर उभी होती. उभी होती आणि संध्याकाळी ‘चालेल’ लिहिणार होती.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. “टोचलं की हो म्हणा.” मावशी डोळे मिटून शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली. डॉक्टर तळव्याला सुई लावत गेले. एकदा, दोनदा, दहादा. मी भिंतीकडे बघत उभी होते. बऱ्याच वेळाने मावशी म्हणाली, “टोचा की, डॉक्टर. मी तयार आहे.”

साखर होती, कोण जाणे किती वर्षांपासून. पायाच्या नसा मेल्या होत्या. जखमही एक नव्हती. बोटांमधली एक जुनी होती आणि आतून पसरली होती. “पायाला कळत नाही हे लक्षात कसं आलं नाही तुमच्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“मला वाटलं,” मावशी म्हणाली, “बूट चांगले यायला लागले.”

उजव्या पायाचं पुढचं अर्धं पाऊल काढावं लागलं. लवकर आला असतात तर बोटावर निभावलं असतं, असं डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले. मालक एकदा भेटायला आला, पिशवीभर फळं ठेवून गेला. “आता निवांत आराम करा,” म्हणाला. त्याचा अर्थ आम्हा दोघींनाही कळला. दुकानातल्या खोक्यांवर आता काही लिहिलेलं नसतं.

मी तिला माझ्या घरी आणलं. मागच्या आठवड्यात मी ऑफिसमधून आले आणि मोजे काढून तिच्यासमोर बसले. तिने सवयीने माझा पाय मांडीवर ओढून घेतला आणि अंगठ्याने दाबत टाचेपर्यंत गेली. तिथे अंगठा थांबला.

“हे कधीचं?”

“जुनं आहे गं.”

“एवढं कातडं जाड व्हायला सहा-सात महिने लागतात,” ती म्हणाली. पाय तिने सोडला नाही. पुष्कळ वेळ ती त्या घट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिली. मला रडू फुटलं. तिने मला थोपटलं नाही आणि ती रागावलीही नाही.

“तो तपकिरी जोड आण,” ती म्हणाली. “पॉलिशची डबी आणि चिंधीही आण.”

मी आणून दिलं. तिने पॉलिश लावलं नाही. उजवा बूट हातात घेतला, आत बोटं घातली आणि डोळे मिटून शिवण न् शिवण चाचपत गेली. टाचेच्या वरच्या कडेपाशी बोट थांबलं.

“इथे चावतो ना?”

“हो,” मी म्हणाले. “चावतो.”

“मी विचारलं तेव्हाच सांगायचं होतंस,” ती म्हणाली आणि डावा बूट घ्यायला हात पुढे केला.