बाकाखालचं पाणी

फिनेलचा वास आला की मला थळहून सुटणारी ती सकाळची बस आठवते. मासळीची पाटी मी खाली प्लास्टिक आणि वर ओलं गोणपाट बांधून मागच्या बाकाशी ठेवली होती, तरी गाडीत वास सुटला, बाकांखालून पाण्याचा ओघळ आला आणि पांढऱ्या कपड्यांतला एक प्रवासी नाक धरून ओरडला. कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली. "मावशी, हे सगळं पुसून काढ, नाहीतर उतर." "माझी पाटी गळत न्हाय, हात लावून बघ!" मी भांडले, पण उतरले असते तर ऊन चढेपर्यंत सगळी मासळी नासली असती. मग त्याने दिलेलं फिनेल आणि माझंच गोणपाट घेऊन मी गुडघ्यांवर बसून पुसत गेले. ओघळ त्याच प्रवाशाच्या पायांशी, त्याच्या कोलंबीच्या पिशवीपाशी पोचला. मी पिशवी उचलून दाखवली, पाणी तिच्याच तळातून ठिबकत होतं. कंडक्टर हळूच म्हणाला, "साहेब, पाय जरा वर घ्या, मावशीला पुसू द्या." आणि मी तेवढंही पुसलं. आज माझा स्वतःचा टेम्पो आहे, रोज मीच तो फिनेलने धुते. बाजारात भावावरून कुणाला एक शब्द जास्त बोलू देत नाही मी. त्या दिवशी मात्र पिशवी हातात असून गप्प बसले, तो राग अजून उतरलेला नाही.