सावलीतली शाळा
धानाच्या रोवण्याच्या चिखलाचा वास आला की तो दिवस आठवतो. माझी धाकटी बहीण जन्मापासून पांढरीफटक, पापण्यासुद्धा पांढऱ्या. उन्हात तिच्या अंगावर फोड यायचे, नजरही अधू होती. डॉक्टरांनी तिला सावलीत ठेवायला सांगितलं, म्हणून तिची शाळा चालू राहिली आणि धानाच्या शेतात, बांधीत कामासाठी माझी चौथीनंतर सुटली. धान रोवता रोवता मी आईला हळूच विचारलं, "मीच काऊन?" आई म्हणाली, "तुले ऊन सोसते." तेवढ्यात शाळेला निघालेली बहीण छत्री धरून शेताच्या कडेला धुऱ्यावर थांबली. "ताई, मले फळा दिसतच नाही. तू चाल ना, वाचून सांगशील." मी वर पाहिलं नाही. मला सगळ्यात मागे बसूनही फळा स्पष्ट दिसायचा. आता ती तालुक्याला नोकरी करते. लोक तिला बिचारी म्हणतात. मी अजून तिच्यावर जळते.